ताई, माझी चेटकीण जाळू का नको?

पत्र : ताई, आम्ही कॉलेजची एकांकिका बसवतोय, लेखन माझं. इ.स. ११५० चं फ्रान्स, गावात झाडपाला देणारी एक म्हातारी, लोकांना बरं करते, मग पोपचा हुकूम येतो, इन्क्विझिशनचे काळे झगेवाले येतात आणि तिला चेटकीण ठरवून चौकात जाळतात. शेवटी जळता जळता तिचं चार मिनिटांचं स्वगत आहे. वाचनाला सगळ्यांना आवडलं, पण माझी जवळची मैत्रीण, जी इतिहासात एमए करतेय आणि आमची वेशभूषा बघते, ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मध्ययुगात चेटकिणी जाळतच नव्हते, सगळं खोटं आहे." मी पण बोलून गेले की तू कपडे शिव, लिहायचं मला कळतं. ती ग्रुप सोडून गेली. माझ्या आजीचं माहेर गोव्याचं, इन्क्विझिशनच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्यात, मग ते खोटं कसं असेल? तीन आठवड्यांनी तालमी सुरू होतायत. स्क्रिप्ट फाडू का? सोबत जोडलीये. — एकांकिकावाली, नाशिक

अगं बाई, आधी ते "तू कपडे शिव". ते वाचून मी चहाचा कप खालीच ठेवला. वेशभूषावालीशी भांडून आजवर कुठलीही एकांकिका धड उभी राहिलेली नाही, हे मी कॉलेजात स्वतः भोगलंय. तिला फोन करायचाय, पण काय बोलायचं ते तुला आधी कळायला हवं, म्हणून तो विषय मागाहून घेते. गंमत म्हणजे ती पण अर्धीच बरोबर आहे.

तुझ्या सालापासून सुरू करू. ११५० मध्ये पोपचे इन्क्विझिटर, म्हणजे चर्चविरुद्ध जाणाऱ्यांना हुडकून चौकशी करणारे अधिकारी, नव्हतेच गं. पोप ग्रेगरी नववा यानं १२३० च्या दशकात ती व्यवस्था उभी केली, म्हणजे तुझे झगेवाले ऐंशी वर्षं आधीच विंगेत येऊन उभे राहिलेत. आणि त्या कामात पुढे जे डॉमिनिकन साधू जास्त दिसतात त्यांचा आतला झगा पांढरा आणि वरची कफनी काळी, हे तुझ्या मैत्रिणीला नक्की माहीत असणार. (दुसऱ्या प्रवेशात म्हातारी बटाट्याचं सूप ढवळतेय. बटाटा अमेरिकेतून युरोपात यायला अजून चारशे वर्षं आहेत. कोबी घाल.)

बरं, इन्क्विझिटर आले तेही चेटकिणींसाठी आले नव्हते. त्यांचं लक्ष कॅथर, वाल्डेन्सियन अशा पंथांवर होतं, म्हणजे जे स्वतःला ख्रिश्चन म्हणवत होते पण चर्चला मानत नव्हते. जादूटोण्याच्या तक्रारी त्यांच्याकडे यायला लागल्या तेव्हा पोप अलेक्झांडर चौथा यानं १२५८ मध्ये कळवलं की भविष्य सांगणं, तोडगे करणं असल्या प्रकरणांत तुम्ही पडू नका, त्यात उघड पाखंड दिसत असेल तरच हात घाला. थोडक्यात, तुमचं काम करा, गावातल्या म्हातारीचं तिथला बिशप बघून घेईल.

आता खरी उलटापालट ऐक, कारण तुझ्या नाटकाचा पायाच इथे हलतो. मध्ययुगाचा बराचसा काळ चर्चचं अधिकृत म्हणणं असं होतं की रात्री उडणाऱ्या, माणसं खाणाऱ्या चेटकिणी वगैरे काही नसतंच आणि जो कोणी असतं म्हणेल त्याचीच श्रद्धा कच्ची. साधारण ९०६ च्या सुमाराला प्र्युम मठाच्या रेगिनो नावाच्या माणसानं एक नियमसंग्रह केला, त्यात 'कॅनन एपिस्कोपी' म्हणून एक उतारा आहे. त्यात लिहिलंय की काही बायकांना वाटतं आपण रात्री डायना देवीबरोबर जनावरांवर बसून लांब लांब फिरून येतो, तर हे सगळं सैतानानं स्वप्नात दाखवलेलं असतं, देह काही कुठे जात नाही, आणि हे खरं मानणारा माणूस ख्रिश्चन उरत नाही. हाच उतारा पुढे ११४० च्या आसपास ग्रेशियनच्या कायदासंग्रहात गेला, म्हणजे तू निवडलेल्या सालात तो चर्चच्या कायद्याच्या मुख्य पुस्तकात होता. तुझा बिशप म्हातारीला जाळायला निघण्यापेक्षा "ही उडते" म्हणणाऱ्या गावकऱ्यालाच प्रायश्चित्त द्यायची शक्यता जास्त.

त्याआधीचं पण बघ. इटलीत लोंबार्डांचा राजा रोथारी, त्याच्या ६४३ च्या कायद्यात आहे की कुणी कुणाच्या दासीला चेटकीण म्हणून मारू नये, कारण बाई जिवंत माणसाला आतून खाते ही गोष्ट ख्रिश्चन माणसानं मानण्यासारखीच नाही. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन, त्यानं सॅक्सन लोकांना जिंकल्यावर त्यांच्यासाठी साधारण ७८५ मध्ये कायदा केला, तो तर एकदम उलटा, तिथे मृत्युदंड आहे पण अमुक बाई चेटकीण आहे असं मानून तिला जाळणाऱ्याला! आणि १०८० मध्ये पोप ग्रेगरी सातवा डेन्मार्कच्या राजाला पत्रातून झापतो की वादळं आली, रोगराई आली की तुमची माणसं बायकांवर आणि पाद्र्यांवर खापर फोडतात, ते बंद करा.

लगेच चर्चला पुरोगामी वगैरे समजू नकोस, तिथेही लोक घसरतात. त्यांचा हिशोब वेगळा होता. पाऊस-वारा देवाच्या हातात, मग तो एका म्हातारीच्या हातात आहे म्हणणं म्हणजे देवाला कमीपणा आणणं. तोडगे करणाऱ्याला पण सोडत नव्हते. वॉर्म्सचा बिशप बुर्खार्ड याच्या ११व्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्रंथात पाद्र्यानं कबुलीजबाबाच्या वेळी, म्हणजे लोक आपली पापं सांगायला येतात तेव्हा, विचारायच्या प्रश्नांची मोठीच्या मोठी यादी आहे. नवऱ्याचं प्रेम वाढावं म्हणून आपल्या उघड्या ढुंगणावर कणीक मळून घेऊन त्याचा पाव त्याला खायला घातलास का? घातला असशील तर दोन वर्षं ठरलेल्या दिवशी उपास. हसू नको, खरंच आहे. जाळणं नाही, फटके नाहीत, उपास. कुणाला विष घातलं, कुणाचा जीव गेला तर गोष्ट वेगळी, तिथे राजाचा कायदा यायचा आणि तो मऊ नव्हता.

मला या सगळ्यात सर्वात आवडतो तो लिऑनचा आर्चबिशप अगोबार. साधारण ८१५ नंतरची गोष्ट. त्याच्या भागात थोरामोठ्यांपासून गडीमाणसांपर्यंत सगळ्यांची समजूत की ढगांत मागोनिया नावाचा देश आहे, तिथून जहाजं येतात, वादळ आणणारे मांत्रिक गारा पाडतात आणि पडलेलं पीक त्या जहाजवाल्यांना विकतात. एक दिवस लोकांनी चौघांना, तीन पुरुष आणि एक बाई, साखळ्यांत बांधून त्याच्यासमोर आणलं, की हे जहाजातून खाली पडले, यांना दगडांनी ठेचायचंय. अगोबारनं बराच वेळ वाद घातला आणि त्यांना वाचवलं. त्याच पुस्तकात तो वैतागून लिहितो की हे लोक गारा न पाडण्यासाठी मांत्रिकाला धान्य अगदी वेळेवर देतात, पण चर्चचा दशमांश मागितला की हात आखडतात. वसुलीचं दुःख कुठल्याही शतकात सारखंच.

मग जादू करत कोण होतं? सगळेच, आणि त्याला ते जादू म्हणत नव्हते. दात दुखला तर मंत्र असायचा की संत पीटर दगडावर बसून रडत होता, येशूनं विचारलं काय झालं, तो म्हणाला दात दुखतोय, येशूनं तो बरा केला, तसाच या अमक्याचा पण होवो. हे पाद्रीच लिहून द्यायचा आणि लोक ते अंगावर बांधायचे, आपण ताईत बांधतो तसं. चर्चमधली पवित्र भाकर लोक तोंडात धरून घरी न्यायचे, मधमाश्यांच्या पोळ्यात ठेवायला, शेतात टाकायला. हे इतकं वाढलं की १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेनं ती भाकर आणि पवित्र तेल कुलपात ठेवायचा नियमच केला.

आणि खरी भारी जादू, म्हणजे वर्तुळ आखून भूत-सैतान बोलवायचा प्रकार, तो तुझ्या म्हातारीला जमणारच नव्हता. त्याला लॅटिन यायला पाहिजे, पोथी पाहिजे, भुतं काढायचे चर्चचे विधी पाठ पाहिजेत. हे सगळं कुणाकडे होतं? शिकलेल्या पाद्र्यांकडे, मठातल्या साधूंकडे, विद्यापीठातून अर्धवट शिकून बाहेर पडलेल्या पोरांकडे. स्पेनमधून अरबी ग्रंथांचे अनुवाद यायला लागल्यावर ग्रह-नक्षत्रांच्या जादूची त्यात भर पडली. १३१७ मध्ये फ्रान्समधल्या काओरच्या बिशपलाच जाळलं गेलं, आरोप काय, तर पोप जॉन बाविसावा याला मारण्यासाठी विष आणि मेणाच्या बाहुल्या वापरल्या, आणि त्या बाहुल्या पावांत लपवून पाठवल्या. चितेवर बिशप! एवढं तयार नाट्य पडलेलं असताना तू म्हातारीच्या मागे का लागलीस?

तर चेटकिणी जाळायला कधी लागले? यातच तुझ्या मैत्रिणीची चूक पण आहे. "जाळतच नव्हते" हे खरं नाही. १३२४ मध्ये आयर्लंडच्या किलकेनी गावात ॲलिस कायटेलर या श्रीमंत बाईवर खटला झाला, चार नवरे झालेले, सावत्र मुलांचा पैशावरून राग, ती पळून गेली आणि तिची मोलकरीण पेट्रोनिला हिला फटके मारून कबुली घेतली आणि जाळलं. (पैसेवाली सुटली, मोलकरीण सापडली, हे वेगळं सांगायला नको.) पण असली प्रकरणं तुरळक होती. एक कारण अगदी रुक्ष आहे पण महत्त्वाचं, जुन्या पद्धतीत आरोप करणारा स्वतः कोर्टात उभा राहायचा आणि सिद्ध झालं नाही तर शिक्षा त्यालाच व्हायची, त्यामुळे शेजारणीवर करणीचा आरोप करायला माणूस दहादा विचार करायचा. पुढे कोर्टच चौकशी करायला लागलं, छळ करून कबुली घ्यायची मुभा आली, तेव्हा हा ब्रेक निघाला. तिकडे धर्मपंडितांनी ठरवलं की कुठलीही जादू सैतानाशी करार केल्याशिवाय चालतच नाही, आणि पोथीवाल्या पाद्र्याचा सैतान हळूहळू झाडपालावाल्या बाईच्या घरात आणून बसवला. त्यात पाखंडी लोकांबद्दलच्या जुन्या वावड्या, म्हणजे रात्रीच्या गुप्त सभा, लहान मुलं खाणं, ते सगळं कालवलं गेलं आणि १४२८ पासून आल्प्समधल्या 'वाले' नावाच्या भागात, जिनिव्हाच्या तळ्याच्या आसपास, खटल्यांची रांग लागली. झाडूवर बसून उडणाऱ्या बायकांचं प्रसिद्ध चित्र एका फ्रेंच हस्तलिखिताच्या कडेला आहे, ते १४५१ चं.

मग हाइनरिख क्रेमर नावाचा इन्क्विझिटर. १४८५ मध्ये हा इन्सब्रुकला खटले चालवायला गेला, आरोपी बायकांच्या खासगी आयुष्यात नको इतकं नाक खुपसायला लागला, खटला फसला आणि तिथल्या बिशपनं, म्हातारपणानं याचं डोकं चाललेलं नाही असं म्हणून त्याला हाकलला. तो अपमान गिळून यानं १४८६ मध्ये 'मॅलेउस मालेफिकारुम' म्हणजे चेटकिणींवरचा हातोडा हे पुस्तक आणलं. खरी आग त्याच्याही नंतर, साधारण १५६० ते १६३०, म्हणजे छापखाने आले, चर्चविरुद्ध बंड करणारा लुथर येऊन गेला, आपल्याकडे अकबर होता, त्या काळात. १४५० ते १७५० मिळून साधारण ४० ते ६० हजार माणसं मारली गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे, त्यात चारातल्या तीन बायका, आणि बहुतेक शिक्षा राजांच्या, शहरांच्या, गावांच्या कोर्टांनी दिल्या. तुझ्या स्क्रिप्टमधला निवेदक "नव्वद लाख" म्हणतो, तो आकडा १८व्या शतकातल्या एका जर्मन गृहस्थानं थोड्याशा कागदांवरून त्रैराशिक मांडून काढला होता. मी पण एकेकाळी निबंधात ठोकलाय तो.

आणि "१४व्या शतकात तुलूझला शेकडो चेटकिणी जाळल्या" हे तुला नेटवर सापडलं असेल तर ते लामोत-लांगोन नावाच्या फ्रेंच लेखकाचं १८२९ चं काम. हा माणूस मुळात कादंबऱ्या लिहायचा, त्यानं कागदपत्रांच्या नावाखाली खटलेच रचले आणि पुढे जवळजवळ दीडशे वर्षं भले भले अभ्यासक ते खरं धरून चालले. १९७० च्या दशकात नॉर्मन कोन आणि रिचर्ड कीकहेफर या दोन इतिहासकारांनी वेगवेगळं शोधून ते उघडं पाडलं. त्यामुळे तू फसलीस यात लाजण्यासारखं काही नाही.

आजीच्या गोष्टींचं काय मग? त्या खऱ्याच, फक्त त्या गोव्याच्या आहेत. गोव्याचं इन्क्विझिशन १५६० चं, पोर्तुगीज राजवटीतलं, मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं आणि तिथे धरपकड प्रामुख्यानं होत होती ती ख्रिश्चन होऊनही लपून आपले जुने देवधर्म, चालीरीती पाळणाऱ्यांची. तू आजीचं गोवं उचलून चारशे वर्षं मागच्या फ्रान्समध्ये नेऊन ठेवलंस. आजीची गोष्ट वेगळी लिही कधीतरी, ती तुलाच लिहिता येईल.

आता स्क्रिप्ट. फाडू नकोस, साल बदल, १२५० कर. कारण फ्रान्स, म्हातारी, इन्क्विझिटर, आजारी मुलं, हे तुझं सगळं सामान जसंच्या तसं एका खऱ्या घटनेत आहे. एतियेन द बुर्बों नावाचा डॉमिनिकन इन्क्विझिटर लिऑनच्या उत्तरेला दोंब नावाच्या भागात बायकांचे कबुलीजबाब ऐकत बसला होता. एकामागून एक बायका सांगतायत, मी माझं मूल संत गिनफोरकडे नेलं होतं. त्याला वाटलं असेल कुणी स्थानिक संत. चौकशी केली तर संत गिनफोर कुत्रा निघाला!

गोष्ट अशी, एका सरदाराच्या घरी पाळण्यात बाळ, शेजारी कुत्रा, साप येतो, कुत्रा सापाला मारतो, सगळीकडे रक्त, दाई ओरडते, सरदार येऊन कुत्र्याच्या तोंडाचं रक्त बघतो आणि तलवारीनं त्याला मारतो, मग बाळ सुखरूप दिसतं. ओळखलीस ना? आपली पंचतंत्रातली ब्राह्मणाची बायको आणि मुंगूस. तीच गोष्ट फारसी-अरबीतून हिंडत हिंडत युरोपात पोचली आणि वाटेत मुंगसाचा कुत्रा झाला. तुझ्या प्रेक्षकांतल्या प्रत्येकाला ती माहीत असणार, आणि फ्रान्सच्या गावात ती ऐकू आल्यावर नाट्यगृहात जी कुजबुज होईल ती तुझ्या चार मिनिटांच्या स्वगतानं होणार नाही.

कुत्र्याला विहिरीत टाकून वर दगड रचले, झाडं लावली, पुढे तो वाडा ओस पडला आणि लोक त्या जागेला भजायला लागले. आजारी, किरकिरं मूल झालं की आया समजायच्या हे आपलं नाहीच, रानातल्या भुतांनी बदलून ठेवलंय. मग त्या जवळच्या गावातल्या एका म्हातारीकडे जायच्या, ती विधी सांगायची. मीठ वाहायचं, बाळाचे कपडे झुडपांवर टांगायचे, दोन झाडांच्या बुंध्यांमधून मूल नऊ वेळा इकडून तिकडे द्यायचं, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला म्हातारी, आणि भुतांना ओरडून सांगायचं तुमचं घ्या, आमचं द्या. मग बाळाला उघडं पेंढ्यावर ठेवायचं, डोक्याशी इंच-इंचभराच्या दोन मेणबत्त्या पेटवायच्या आणि त्या विझेपर्यंत आईनं लांब जाऊन थांबायचं, रडणं ऐकू येणार नाही इतकं लांब. मूल जगलं तर जवळच्या शालारोन नदीत नऊ बुचकळ्या. एतियेन लिहितो की काही मुलं त्या मेणबत्त्यांनीच भाजून मेली.

बघ आता, तुझी म्हातारी साधीभोळी देवमाणूस राहिली नाही ना? आणि इन्क्विझिटर नुसता राक्षस राहिला नाही, त्याला ती मेलेली मुलं दिसतायत. आणि ती आई, जी मेणबत्ती विझायची वाट बघत झाडीपलीकडे उभी आहे, तिचं स्वगत लिही, चार मिनिटं काय आठ मिनिटं लिही. शेवटी त्यानं काय केलं, तर लोकांना गोळा करून प्रवचन दिलं, कुत्र्याची हाडं उकरून काढली, झाडं तोडून हाडांसकट जाळून टाकली आणि तिथल्या जमीनदारांकडून फतवा काढवला की पुन्हा कुणी इथे आलं तर मालमत्ता जप्त. म्हातारीला जाळलं नाही. आणि १९व्या शतकात सुद्धा तिथे आजारी मुलं घेऊन लोक येतच होते.

चिता हवीच म्हणशील तर १०९० घे, बव्हेरियातलं फ्रायसिंग. तीन गरीब बायकांवर गावानं पीक आणि माणसं नासवल्याचा आरोप केला, पाण्याची परीक्षा घेतली, त्यात त्या निर्दोष ठरल्या, तरी फटके मारले, कबुली काही निघाली नाही, आणि इझार नदीच्या काठी जमावानं जाळलं. त्यातली एक पोटुशी होती. बिशपपदावरून दोघांचं भांडण चालू असल्यामुळे थांबवायला कुणी नव्हतं. आणि जवळच्या मठातल्या साधूनं ही हकिगत लिहिताना त्यांना हुतात्मा म्हटलंय. इथे पण बघ, जाळणारं गाव आहे. माझं मत विचारशील तर कुत्राच घे.

आता फोन. "तुझं बरोबर होतं" असं गुळगुळीत नको, ती एमएवाली आहे, तिला ते खोटं वाटेल. "पेट्रोनिला आणि फ्रायसिंगचं काय?" असं विचार, ती तडकून बोलायला लागेल, अर्धा तास बोलू दे, मग सॉरी म्हण, आणि लेखनात तिचं नाव आपल्या नावाशेजारी टाक, खाली आभारात नव्हे. १३व्या शतकातली शेतकरीण डोक्याला काय बांधायची हे तिला विचारल्याशिवाय तुझं पान पुढे जाणार नाहीये.

आणि मेणबत्त्या स्टेजवर खऱ्या पेटवायच्या असतील तर नाट्यगृहाला आत्ताच विचार, बरेच ठिकाणी उघड्या ज्योतीला परवानगी देत नाहीत, आणि पेंढ्याचं तर नावच काढू नको.

— ताई